पुस्तकांना तारीख हवी

बदनापूरच्या माणसाला पुस्तक हवे असेल तर तो दोनच दिशांना पाहतो. पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर औरंगाबाद, पूर्वेला वीसेक किलोमीटरवर जालना. गावात वह्या मिळतात, गाईड मिळतात, जून उजाडला की क्रमिक पुस्तके मिळतात. कवितासंग्रह मागितला तर दुकानदार बसस्टँडकडे बोट दाखवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वर्षाकाठी एक संग्रह खपणार असेल तर तो फळीवर जागा अडवून कशाला ठेवील?

आमच्या मंडळींत गेली काही वर्षे एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. स्वतःच्या खिशाला खार लावून पुस्तके काढणाऱ्या छोट्या प्रकाशकांची, लेखक-प्रकाशकांची एक जत्रा बदनापूरला भरवावी. मराठी, उर्दू, दोन्ही पुस्तके एका मांडवाखाली असावीत. विषय निघाला की ठरलेला प्रश्नही निघतो : इथे येणार कोण? या प्रश्नाला आम्ही बरेच दिवस उत्साहाने उत्तर देत होतो. मग लक्षात आले की उत्साह हे उत्तर नव्हे. या भागात पुस्तक आजवर कसे निघाले, कसे विकले गेले आणि कुठे अडले, हे आधी पाहायला हवे. ते पाहू गेलो तेव्हा आमची एक समजूत बदलली. आम्ही दुकान शोधत होतो. इतिहास सांगत होता की छोट्या प्रकाशकाचे दुकान कधी जागेवर नसतेच. ते तारखेवर असते.

हे बदनापूरकराला पुस्तकांपेक्षा बियाण्यावरून लवकर पटेल. आमच्या गावात कडधान्यांचे कृषी संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे. इथल्या तुरीच्या वाणांना ‘बीडीएन’ हे गावाचेच नाव लागते. बीडीएन ७११ पेरणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांनी बदनापूर डोळ्यांनी पाहिलेले नाही, पण गावाचे नाव त्यांच्या पिशवीवर छापलेले असते. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. दरवर्षी १८ मेला परभणीला खरिपाचा शेतकरी मेळावा आणि बियाणे विक्री असते, १७ सप्टेंबरला रब्बीचा मेळावा असतो. जाहिरात वाचून कोण जातो? तारीख पाठ असते. शेतकरी त्या दिवसासाठी पैसे बाजूला ठेवतो, शेजाऱ्याचीही थैली आणतो. बियाण्याला जे मिळाले ते आमच्या पुस्तकांना मिळाले नाही.

आता मागे जाऊ. औरंगाबाद म्हटले की उर्दूच्या वाचकाला वली आणि सिराज आठवतात. आम्हाला इथे वेगळ्या माणसाची आठवण काढायची आहे. मौलवी अब्दुल हक निजामाच्या शिक्षण खात्यात शाळा तपासनीस म्हणून औरंगाबादेत होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ साली स्थापन झालेली, पण दहा वर्षांत तिचा जीव मंदावला होता. १९१२ साली तिचे सचिवपद अब्दुल हकांकडे आले आणि संस्थेचे दप्तर औरंगाबादला आले. ते १९३८ साली दिल्लीला गेले. म्हणजे पंचवीस वर्षे उर्दूच्या एका मोठ्या प्रकाशन संस्थेचा पत्ता ना लखनौचा होता, ना दिल्लीचा. तो आमच्या शेजारच्या स्टेशनाचा होता. १९२१ साली तिथूनच ‘उर्दू’ हे त्रैमासिक सुरू झाले. मुल्ला वजहीचा ‘सबरस’ हा दखनी गद्यग्रंथ तीन शतके हस्तलिखितांत पडून होता. तो अंजुमनने १९३२ साली छापला. मराठीवर फारसीचा कसा प्रभाव पडला यावर अब्दुल हकांनी स्वतः पुस्तक लिहिले. पुण्याकडे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली ‘फार्सी-मराठी कोश’ काढला होता. एकाच काळात एका भाषेच्या दोन टोकांना दोन माणसे जवळपास तेच खोदत होती. आमच्या जत्रेत ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवायची, हे मात्र आम्ही ठरवून टाकले आहे.

अंजुमनला स्वतंत्र प्रकाशक म्हणावे का, यावर आमच्यात वाद झाला. निजाम सरकारचे अनुदान होते, बड्या लोकांच्या देणग्या होत्या. मग स्वतंत्र कसली? आमचे मत असे की पैसा कुठून आला यापेक्षा काय छापायचे ते कोणी ठरवले, हे पाहावे. बाजाराला नको असलेली, जुनी, दखनी, विस्मरणात गेलेली पुस्तके एक माणूस हट्टाने छापत राहिला. हा हट्ट ज्याच्यात आहे त्याला आम्ही आमच्या बिरादरीत घेतो.

याच अब्दुल हकांनी ‘चंद हमअसर’ या आपल्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात नामदेव माळ्यावर लिहिले आहे. उर्दू शाळांत शिकलेल्या कितीतरी मुलांनी तो धडा वाचला आहे. पण हा नामदेव आपल्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा म्हणजे राबिआ दुर्रानीच्या मकबऱ्याच्या बागेतला, हे आमच्यातल्या काहींना फार उशिरा कळले. तेव्हाची समाजव्यवस्था ज्याला अस्पृश्य मानत होती असा हा माणूस. रोपांना लेकरासारखे जपायचा. पाण्याची टंचाई पडली तेव्हा रात्रंदिवस लांबून पाणी वाहून त्याने बाग जगवली. शेवटी मधमाश्यांचे मोहोळ उठले, इतर पळाले, हा कामात दंग राहिला आणि त्यातच गेला. विद्वान, कवी, अधिकारी यांच्या पंगतीत मौलवीसाहेबांनी या माळ्याला मानाने बसवले. एका मराठी माणसाचे हे चित्र उर्दूत घराघरांत पोचले. मराठीत ते आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहे?

त्या काळी उर्दू पुस्तक निघायचे म्हणजे बहुतेक वेळा दगडावर निघायचे. नस्तालिक लिपीला खिळे मानवत नाहीत. अक्षरे एकमेकांच्या अंगावर झुकतात, वर-खाली होतात. म्हणून कातिब लेप दिलेल्या कागदावर चिकट शाईने पान लिहायचा, ते पान दगडावर उतरवले जायचे आणि दगडावरून छापले जायचे. कातिबाने एक नुक्ता चुकवला की हजार प्रतींत तो चुकलेला. १९९४च्या सुमारास इनपेज नावाचे संगणकाचे सॉफ्टवेअर आले आणि कातिबांची रोजीरोटी काही वर्षांत संपली. छापणे स्वस्त झाले, सोपे झाले. विकणे होते तिथेच राहिले.

विकायला माणसे जमावी लागतात, आणि जमणे हीच त्या राज्यात अवघड गोष्ट होती. १९२०च्या दशकातली ‘गश्ती नंबर ५३’ जुन्या मराठवाड्यात सगळ्यांना तोंडपाठ होती. सभा घ्यायची तर परवानगी काढा. वाचनालय चालवणारेही पोलिसांच्या नजरेत असायचे. एकट्याने पुस्तक वाचायला कोणाची मनाई नव्हती, पुस्तकाभोवती चार माणसे जमली की प्रश्न उभा राहायचा. या राज्यकर्त्यांशी धर्माचे नाते असल्यामुळे मुसलमानांना ही बंधने जाचली नसतील, असे आजही सहज बोलले जाते. सामान्य मुसलमानाला राज्यात काय वाटा होता? तोही परवानगी मागणाऱ्यांच्याच रांगेत होता. फार तर त्याची अर्जाची भाषा बरी होती.

तरीही माणसे जमली. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला झाले. परतूर आज आमच्याच जालना जिल्ह्यात आहे. मनमाडहून निघालेली निजामाची रेल्वे औरंगाबाद, बदनापूर, जालना करत परतूरला जाते. मोठ्या शहरात जे जमत नव्हते ते आडबाजूच्या स्टेशनावर जमले. ‘इथे कोण येणार’ म्हणणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो.

यानंतर १९४८ येते. सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळाले हे खरे. त्याच आठवड्यांत कितीतरी गावांत निरपराध मुसलमान मारले गेले हेही खरे. पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला होता. तो अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी त्याआधी केलेले अत्याचारही आम्ही नाकारत नाही. आमच्या घरांत मात्र दोन्हींविषयी फारसे बोलले गेले नाही, लिहिले तर त्याहून कमी गेले. त्या मौनाचा पुस्तकांशी थेट संबंध आहे. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून उर्दू ही कारभाराची भाषा होती, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूत होते. ती व्यवस्था पाहता पाहता आटोपली. आजोबा उर्दूत वाचणारे, वडील दोन्हींत अडखळणारे, मुले मराठीत शिकणारी, असे एकाच घरात तीन थर झाले. आजोबांची पेटी उघडली तर नातवाला अक्षर लागत नाही. मराठीत बोलायचे तर आपल्या घराचे, मोहल्ल्याचे पुस्तक मराठीत नाही. ही दरी भरायचा प्रयत्न करणारे होते. निजामाच्या नोकरीत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर आणि उर्दू काव्यावर मराठीत लिहिले. श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश १९६८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढला. हे उपकार आम्ही विसरत नाही. पण स्वतःची गोष्ट दुसऱ्याने किती दिवस सांगायची?

साठच्या दशकाच्या शेवटी औरंगाबादेत पुन्हा छोट्या प्रकाशनांची धामधूम सुरू झाली. भालचंद्र नेमाडे आणि त्यांचे मित्र ‘वाचा’ काढत होते. नागसेनवनातून गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ काढू लागले. ‘वाचा’चे आयुष्य थोडे ठरले. ‘अस्मितादर्श’ मात्र दशकानुदशके चालले. का चालले? पानतावण्यांची चिकाटी होतीच, पण दुसरे कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्या नियतकालिकाच्या मागे तारखा होत्या. लेखक-वाचक मेळावे भरत. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसे जमत आणि जमलेली माणसे पुस्तके घेत. आज ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ला झाला. तेव्हापासून त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटसमोर निळ्या झेंड्यांखाली पुस्तकेही मांडलेली असतात. ज्या प्रकाशकाला वर्षभर कुठलाही विक्रेता दारात उभा करत नाही, तो पथारी टाकून बसतो. खेड्यातून आलेली बाई नातवासाठी बाबासाहेबांचे चरित्र घेते, स्वतःला वाचता येवो न येवो. स्वतंत्र प्रकाशकांची एवढी मोठी, एवढी नियमित जत्रा महाराष्ट्रात दुसरी नाही आणि ती कोणा सरकारी खात्याने भरवलेली नाही. आमच्यातले काही जण दर १४ जानेवारीला तिथे जातात, पिशव्या भरून आणतात आणि परतीच्या गाडीत गप्प बसतात. त्या गप्प बसण्यातून हा लेख निघाला आहे.

कारण मुस्लिम मराठी साहित्याला मांडव मिळाला, तारीख नाही मिळाली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. फकरुद्दीन बेन्नूर, फ. म. शहाजिंदे, मुसलमान शाहिरांवर काम करणारे अजीज नदाफ, अशी माणसे या चळवळीत होती. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद औरंगाबादचे डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. त्या वर्षी आपल्याला केवढे बळ आले होते! शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आमचा, अमर शेख आमचे, हमीद दलवाईंशी भांडायचे तर तेही मराठीतच भांडू, अशी भाषा सुरू झाली. त्यानंतर संमेलने भरत राहिली. कधी दोन वर्षांनी, कधी त्याहून मोठ्या खंडाने, दर वेळी वेगळ्या गावी. परिसंवादात वाद रंगायचे आणि बाहेर मांडवाच्या कडेला दोन-चार टेबलांवर पुस्तके असायची. जेवणाच्या सुट्टीत लोक तिथे जमायचे. संमेलन उठले की टेबल उठायचे. पुढचे टेबल कोणत्या गावी, कोणत्या साली, हे कोणालाच ठाऊक नसायचे. वाचकाने पैसे बाजूला ठेवायचे ते कोणत्या दिवसासाठी?

यातला हिशेब स्पष्ट सांगितला पाहिजे. आमच्यापैकी एकाने पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढला. पाचशे प्रती. शंभर प्रती नात्यागोत्यात आणि अभिप्रायासाठी गेल्या. एका विक्रेत्याने पन्नास ठेवून घेतल्या, चाळीस टक्के कमिशन ठरले, पैसे पुस्तके विकल्यावर. दोन वर्षांनी तो म्हणाला, तुमचे पुस्तक दिसत नाही कुठे. न पुस्तक, न पैसे. टपालाने पाठवायचे तर पुस्तकाच्या किमतीला टपालखर्चच गाठतो. सरकारी ग्रंथखरेदीच्या यादीत येण्यासाठी कागदपत्रे केली, यादीत नाव आले नाही. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले. घरातल्या बाईने तीन पावसाळे ते जपले, चौथ्या पावसाळ्यात वाळवीने गाठले. ही एकट्याची कथा नाही. ‘आमच्यात वाचक नाही’ असे जेव्हा सभांतून सांगितले जाते तेव्हा आम्हाला तो पलंग आठवतो. वाचक नव्हता, की वाचकाची आणि पुस्तकाची गाठच कोणी घालून दिली नाही?

वाचक आहे याचे पुरावे आहेत. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा उर्दू किताब मेळा २०१६च्या डिसेंबरमध्ये भिवंडीला भरला. ऐन नोटाबंदीचे दिवस, एटीएमपुढे रांगा, आणि तरीही लोकांनी पुस्तके घेतली. २०२१च्या डिसेंबरमध्ये मालेगावला मेळा झाला तेव्हा विक्री एक कोटीच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या. मालेगाव म्हणजे यंत्रमागाचे गाव. विणकर, मजूर, मदरशातली मुले, बुरख्यातल्या आयाबहिणी यांनी ती पुस्तके घेतली. औरंगाबादेत २०२१ पासून एका ग्रंथविक्रेत्याच्या शाळकरी मुलीने मोहल्ला लायब्ररी सुरू केल्या आणि गल्लीगल्लीतली पोरे पुस्तकासाठी येऊ लागली. पण हे बहुतांश उर्दूचे यश. तिथे आमच्या मराठी पुस्तकाला टेबल मिळत नाही, आणि मराठीच्या ग्रंथप्रदर्शनात गेलो तर ‘मुस्लिम’ या शब्दाखाली फक्त इस्लामची ओळख करून देणारी पुस्तके शोधली जातात. कादंबरी, कविता, आत्मकथन यांची गणना कुठेच होत नाही.

एक अपवाद आमच्या मराठवाड्यातलाच. अंबाजोगाईहून अमर हबीब परिसर प्रकाशनातर्फे छोटी, स्वस्त पुस्तके काढतात. शेतकरीविरोधी कायद्यांवरची त्यांची पुस्तिका गावोगाव गेली. ती ‘मुस्लिम साहित्य’ म्हणून गेली नाही, शेतकऱ्याचे पुस्तक म्हणून गेली. आणि तिथेही तारीख आहेच. साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ला कुटुंबासह आत्महत्या केली. त्या दिवशी अन्नत्याग करण्याचे आवाहन २०१७ पासून केले जाते, माणसे एकत्र बसतात, पुस्तिका हातोहात फिरते. तूर पिकवणाऱ्या आमच्या तालुक्यात मुसलमान शेतकरीही आहे, हमालही आहे. त्याच्या हाती पहिले पुस्तक कोणते पडावे याचे उत्तर या पुस्तिकेने आम्हाला निम्मे तरी दिले.

तेव्हा बदनापूरची जत्रा भरवायची तर कोणत्या तारखेला? बैठकीत पहिला प्रस्ताव रबीउल अव्वलचा आला. महिना मुबारक, लोक जमतात. पण चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. काही वर्षांनी जत्रा भर पेरणीत आली तर मांडवात आम्हीच उरू. शिवाय गावातल्या मराठा, दलित, वंजारी शेजाऱ्याला ती तारीख पाठ होणार नाही, आणि त्याच्याशिवाय जत्रा भरवण्यात आम्हाला रस नाही. दुसरा प्रस्ताव १७ सप्टेंबरचा. कोणी तरुणाने मांडला. सुट्टी असते, झेंडावंदनाला गाव जमते. खोलीतले दोन वडीलधारे काही न बोलता चहाच्या कपाकडे पाहत राहिले. एकाने एवढेच विचारले, “त्या दिवशी १९४८वरचे पुस्तकही ठेवाल का?” तरुण म्हणाला, “ठेवू चाचा, त्यासाठीच ती तारीख.” यावर अजून एकमत झालेले नाही. होईल असेही नाही. पण तो प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारला गेला, हे आमच्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच पाहिले.

तिसरा प्रस्ताव १ मेचा. महाराष्ट्र दिन, आणि १९८१ साली जालना जिल्हा झाला तोही याच दिवशी. तूर, हरभरा विकून झालेला असतो, शाळेच्या परीक्षा संपलेल्या असतात, परभणीच्या बियाण्याला अजून सतरा दिवस असतात. हातात थोडे पैसे आणि थोडी फुरसत, दोन्ही असण्याचे वर्षातले हे मोजके दिवस. सध्या पारडे या तारखेकडे झुकले आहे. मेच्या उन्हाचे काय, असे कोणी विचारले. मंडप टाकू, माठ ठेवू, संध्याकाळी चारला सुरू करून रात्री दहापर्यंत चालवू, असे ठरले. लाईटचे काय, असे लगेच दुसऱ्याने विचारले. मंडपवाल्याने जनरेटरसकट सांगितलेला आकडा ऐकून बैठक थोडा वेळ शांत झाली. मग ज्याचे गठ्ठे वाळवीने खाल्ले होते त्याने खिशातून पाचशेची नोट काढून सतरंजीवर ठेवली आणि पावती मागितली. पावतीपुस्तक छापलेले नव्हते.